भंगारातल्या ई-रिक्षाच्या ॲक्सलवर बागेतली गाडी

ई-रिक्षा भंगारात जाते ती बहुतेक वेळा बॅटऱ्या बसल्या म्हणून, नाहीतर पातळ पाइपांची चासी गंजून वेल्डिंग धरेनाशी झाली म्हणून. मोटर सहसा धडधाकट असते. नागपूरसारख्या शहरात ई-रिक्षांच्या पहिल्या खेपा आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. अशा गाडीचा मागचा ॲक्सल, म्हणजे मोटर, डिफरन्शियल, दोन चाकं आणि ड्रम ब्रेक असा जोडलेला अख्खा संच उचलून आणला, तर त्यावर बागेत क्रेट वाहायची साधी तीनचाकी उभी करता येते. काटोल-वरुडकडे संत्र्याची झाडं अठरा-वीस फुटांवर असतात, त्यामुळे तीन फूट रुंदीची गाडी दोन ओळींतून सहज वळते. आंबिया बहाराची तोडणी दिवाळीच्या आगेमागे आणि मृगाची उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणजे दोन्ही हंगामांत जमीन बऱ्यापैकी कोरडी असते. गाडीला तेवढंच हवं असतं.

विजेवरची रिक्षा महाराष्ट्राला तशी नवी नाही. दिल्लीच्या रस्त्यांवर ई-रिक्षांची गर्दी होण्याच्या बऱ्याच आधी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ईलेक्शा’ नावाची विजेची रिक्षा तयार केली होती. आज भंगारात सापडणारा माल मात्र बहुतेक चिनी आराखड्याचा, ४८ व्होल्ट आणि ८५० ते १००० वॉटचा. हा माल सगळीकडे जवळपास सारखाच असतो, आणि आपल्या दृष्टीनं हे चांगलंच आहे. ब्रेकशू, बेअरिंग, हॉल सेन्सर, कंट्रोलर हे सगळं कुठल्याही ई-रिक्षाच्या दुकानात मिळतं.

आधी कायद्याचं. ही गाडी आपल्या धुऱ्याच्या आत चालवायची, डांबरी रस्त्यावर न्यायची नाही. मोटार वाहन कायद्यात २०१५ मध्ये ई-रिक्षा आणि ई-कार्टची व्याख्या आली. तीन चाकं, ४००० वॉटपर्यंतची ताकद, आणि नियमांप्रमाणे ताशी २५ किलोमीटरची वेगमर्यादा. पण त्या व्याख्येत बसतं म्हणून घरी जोडलेलं वाहन रस्त्यावर चालत नाही. त्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी पार करावी लागते, मग नोंदणी, मग विमा. आपली गाडी यातलं काहीच करणार नाही. रस्ता ओलांडून पलीकडच्या तुकड्यात जायचं असेल तर क्रेट दुसऱ्या वाहनातून न्यावेत.

मोटरच्या निवडीबद्दल थोडंच सांगतो, कारण इथं लोकांचा फार वेळ वाया जातो. मिक्सरची, जुन्या वॉशिंग मशीनची, पाण्याच्या पंपाची मोटर या कामाला घेऊ नये. त्या घरच्या २३० व्होल्टच्या एसी विजेवर चालतात आणि थांबलेल्या जागेवरून ओझं ओढायला त्या बनलेल्याच नाहीत. ट्रॅक्टरचा स्टार्टर ताकदवान असतो, पण तो काही सेकंदांचा गडी. सलग चालवला की जळतो. ई-स्कूटरच्या चाकातली हब मोटर मोह पाडते, कारण मोटर आणि चाक एकच. पण तिच्यात गिअर नसतो. ती वेगासाठी बांधलेली असते, आणि मातीतून ओझं रेटायला लागलं की जागच्या जागी गरम होते. ई-रिक्षाच्या ॲक्सलमध्ये मोटर आणि चाकाच्या मध्ये सुमारे दसपट गिअर असतो. आपल्याला खरी किंमत त्या गिअरची आहे.

भंगारवाल्याकडे

जाताना मल्टिमीटर, टॉर्च, पान्यांचा संच आणि एक जॅक न्यावा. मोटरमधून तीन जाड तारा निघतात, बहुधा पिवळी, हिरवी आणि निळी. त्या कंट्रोलरपासून सोडवायच्या आणि टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी वेगळी ठेवायची. कंट्रोलर तसाच जोडलेला राहिला आणि तो जळलेला असला, तर चांगली मोटरही खराब वाटते.

आता एकच चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर घट्ट राहू द्यायचं. दोन्ही चाकं उचलली तर डिफरन्शियलमुळे एक चाक पुढं आणि दुसरं मागं फिरतं, मोटर जागची हलत नाही आणि आपण उगाच फसतो. उचललेलं चाक हातानं फिरवा. ते मोकळं, एकसारखं फिरलं पाहिजे. मग तीन तारांपैकी कुठल्याही दोन एकमेकींना लावून फिरवा, चाक अडखळत, हिसके देत फिरेल. तिन्ही एकत्र लावा, आता चाक इतकं जड होईल की ब्रेक लावल्यासारखं वाटेल. मोटर फिरताना स्वतःच वीज तयार करते आणि तारा जोडल्यामुळे ती वीज तिलाच अडवते, म्हणून हे होतं. तारा जोडून काहीच फरक पडला नाही तर वाइंडिंग तुटलेलं आहे. तारा सुट्या असतानाही चाक जड असेल तर आधी ब्रेकची केबल सैल करून बघावं. तरीही जडच राहिलं तर आत शॉर्ट आहे किंवा बेअरिंग गेलंय. बॅटरी नसताना होणारी ही परीक्षा ‘चालू कंडिशन माल आहे’ या आश्वासनापेक्षा कितीतरी भरवशाची.

या परीक्षेत मोटर पास झाली तर तिचे बोल्ट सोडून ती डिफरन्शियलपासून वेगळी ओढा आणि शाफ्टवरचे खाचेदार दात, म्हणजे स्प्लाइन, बघा. दातांवर तांबडी, गंजासारखी बारीक पूड साचलेली असेल आणि दातांच्या कडा चाकूसारख्या पातळ झाल्या असतील, तर तो जोड खेळायला लागलेला आहे. पहिल्या चढावर दात सोलले जातील आणि मोटर नुसतीच गरगरेल. असा ॲक्सल फुकट दिला तरी घेऊ नये. डिफरन्शियलचं तेल काळं असलं तर चालतं, पण बोटावर घेऊन उन्हात धरल्यावर धातूचे चकचकीत कण दिसले तर आतले गिअर गेलेत. चाक वर-खाली धरून हलवावं. खडखड आली तर बेअरिंग. बेअरिंग बदलता येतं, तेवढ्यावरून सौदा मोडायचं कारण नाही. काही रिक्षांच्या डिफरन्शियलला चढासाठी वेगळा हलका गिअर आणि त्याची दांडी असते. ती दिसली तर दोन पैसे जास्त देऊन तोच घ्या.

ॲक्सलसोबत पाट्याच्या स्प्रिंगा, पुढचा फोर्क हँडल आणि चाकासकट, ब्रेकची दांडी आणि पेडल, आणि शाबूत असेल तर कंट्रोलर हेही मागावं. मोटरवरची पाटी वाचून व्होल्ट, वॉट आणि फेरे लिहून घ्यावेत. पावती मात्र घ्यायचीच. चासी नंबरचा तुकडा आपल्याला नको, तो भंगारवाल्याकडेच राहू दे.

घरी आल्यावर

धुलाई सेंटरवर नेऊन प्रेशरनं पाणी मारायचा मोह आवरा. मोटरच्या कडेच्या झाकणातून पाणी आत जातं आणि मग महिनाभर ओल राहते. ब्रश, रॉकेल आणि फडकं पुरतं.

मल्टिमीटर मेगाओहमवर ठेवून प्रत्येक जाड तार आणि मोटरचं शरीर यांच्यात काही दाखवतं का बघा. काहीच दाखवू नये. मग पुन्हा एक चाक उचलून कुणाला तरी ते जोरात, एकसारखं फिरवायला सांगा आणि जाड तारांच्या तिन्ही जोड्यांवर एसी व्होल्ट मोजा. आकडा दोन-तीन व्होल्टच येईल, पण तिन्ही जोड्यांवर सारखा यायला हवा. एखाद्या जोडीवर बराच कमी आला तर वाइंडिंगचे काही वेढे आपसांत चिकटले आहेत. अशी मोटर चालते, पण तापून मरते.

पाच बारीक तारा हॉल सेन्सरच्या, म्हणजे रोटर कुठं आहे हे कंट्रोलरला कळवणाऱ्या सेन्सरच्या. लाल तारेला ५ व्होल्ट, काळीला ऋण, उरलेल्या तीन संकेताच्या. जुन्या मोबाइल चार्जरची केबल कापून ५ व्होल्ट मिळतात. संकेताच्या प्रत्येक तारेला लाल तारेपासून ४.७ किलोओहमचा एकेक रेझिस्टर जोडावा लागतो, कारण हॉल सेन्सर स्वतःहून व्होल्टेज देत नाही, तो फक्त तार खाली खेचतो. रेझिस्टर न लावता मोजून चांगले सेन्सर मेलेले ठरवण्याचा प्रकार गॅरेजमध्येही चालतो. आता चाक अगदी हळू फिरवा. प्रत्येक तारेवर ५ आणि ० असे आलटून-पालटून आकडे दिसले पाहिजेत, आणि तिन्ही तारा एकाच वेळी ५ किंवा एकाच वेळी ० कधीच होऊ नयेत. एखादी तार अडून बसली तर तो सेन्सर गेला. एक गेला तरी तिन्ही बदलावेत. ते स्वस्त आहेत, मोटर पुन्हा उघडणं महाग. बदलताना कुठल्या बाजूला तोंड होतं याचा आधी फोटो काढून ठेवावा.

मोटर उघडायची वेळ आलीच तर लाकडी टेबलावर, आसपास लोखंडाचा कीस नसताना. रोटरचे चुंबक फार ताकदीचे असतात. अर्धवट बाहेर काढलेला रोटर झटक्यात आत ओढला जातो आणि मध्ये बोट असेल तर चेचतं. आतल्या तांब्याचा रंग मधासारखा असावा. काळपट तपकिरी आणि जळका वास असेल तर मोटर पूर्वी भाजून निघालेली आहे.

वेल्डरला बोलावण्याआधी हिशेब

हा भाग सगळे टाळतात. आपला हिशेब असा: गाडीचं स्वतःचं वजन बॅटरीसह १७० किलो धरू, चालवणारा ७०, आणि साधारण २२ किलोचे सहा भरलेले क्रेट म्हणजे १३२. एकूण पावणेचारशेच्या घरात.

कडक, दाबलेल्या वाटेवर एवढी गाडी चालती ठेवायला वजनाच्या साधारण ४ टक्के जोर लागतो, म्हणजे १५ किलो. भुसभुशीत, नांगरलेल्या मातीत तोच १० टक्के किंवा जास्त, म्हणजे ३७-३८ किलो. दर दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर त्यात आणखी ३७-३८.

आता मोटर किती देते? १००० वॉट आणि मिनिटाला २८०० फेरे अशी पाटी असेल तर तिचा सलग पीळ ३.४ न्यूटन-मीटर. गिअर दसपट धरला तर ३४, घर्षणात जाणारं वजा करून ३०. चाकाची त्रिज्या २४ सेंटिमीटर. ३० भागिले ०.२४ म्हणजे १२५ न्यूटन, पावणेतेरा किलो. गिअर खरंच दसपट आहे का हे मोजता येतं. एक चाक जमिनीवर ठेवून उचललेलं चाक नेमके दोन फेरे फिरवा आणि शाफ्टवर खडूची खूण करून मोटरचे फेरे मोजा. जो आकडा येईल तोच गिअर.

म्हणजे कडक वाटेवर लागतात १५ आणि मोटर दिवसभर देऊ शकते पावणेतेरा. थोडं ओढाताणीचं आहे, पण बागेतली गाडी दर झाडापाशी थांबते, त्यामुळे मोटरला उसंत मिळते. भुसभुशीत मातीत तिप्पट आणि चढावर चौपट जोर लागतो. कंट्रोलर तेवढा करंट देईलही, पण करंट चौपट झाला की तांब्यातली उष्णता सोळापट होते. ते काही मीटरपुरतं ठीक, ओळीच्या ओळी नाही. म्हणून कडक वाटेवर सहा क्रेट, नांगरलेल्या भागात तीन, आणि ओल्या काळ्या जमिनीत गाडी न्यायचीच नाही. ओली चिकण माती रिक्षाच्या अरुंद टायरांना धरून ठेवते आणि मग कुठलाच हिशेब लागू पडत नाही. क्रेट एकाच थरात ठेवायचे. दुसरा थर चढवला की तीनचाकी वळणावर कलंडते.

चासी

क्रेट ठेवायचा पाट तीन फूट रुंद आणि साडेपाच फूट लांब ठेवला की सहा क्रेट दोन ओळींत बसतात. पुढं चालकाची बैठक आणि फोर्क. मुख्य दोन लांब्या ५० बाय २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपच्या, जाडी ३ मिलिमीटरपेक्षा कमी नको. जुन्या रिक्षा गंजल्या त्या पाइप पातळ होते म्हणून. तेच पाइप आपण पुन्हा कापून लावू नयेत. पाइपांची तोंडं बंद करावीत आणि खालच्या बाजूला पाणी निघायला एक भोक ठेवावं.

ॲक्सलच्या नळीवर वेल्डिंग करायचं नाही. नळी वाकते, सील जळतं, आणि चाक पुढं कायम डुगडुगत राहतं. स्प्रिंगांवरही वेल्डिंग नको, तापलेला पाटा काचेसारखा तुटतो. ॲक्सल स्प्रिंगांवर नव्या यू-बोल्टनं आवळायचा. यू-बोल्ट जुने वापरू नयेत. फोर्कच्या मध्यबिंदूपासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेपनं मोजा. दोन्ही अंतरं तीन-चार मिलिमीटरच्या आत सारखी असतील तरच शेवटचे टाके मारा, नाहीतर गाडी सरळ रेषेत कधीच जाणार नाही. बॅटरीची पेटी बैठकीच्या मागं, दोन लांब्यांच्या मध्ये, जमेल तितकी खाली. सगळं वेल्डिंग बॅटरी आणि कंट्रोलर आणण्याआधी संपवायचं. नंतर एखादा टाका मारावाच लागला तर दोन्ही उतरवून.

मागचे ड्रम उघडून शू बघा आणि सरळ नवेच टाका. डिफरन्शियलमध्ये ९० नंबरचं तेल लेव्हलच्या बोल्टपर्यंत. ब्रेकचं पेडल आणि दांडी अशी बसवा की पेडल तळाला टेकायच्या बरंच आधी दोन्ही चाकं घट्ट धरली जातील. पेडल दाबलेलं अडकवून ठेवायला एक खाच हवी, उतारावर गाडी उभी करताना ती लागते.

विजेची जोडणी

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज आला पाहिजे, त्याच्या आधी काहीही नाही. इथं एक फसवं दुकानी उत्तर मिळतं: कारचा फ्यूज. कारच्या पात्याच्या फ्यूजवर बारीक अक्षरात ३२ व्होल्ट लिहिलेलं असतं. ४८ व्होल्टची बॅटरी भरल्यावर ५८ व्होल्टपर्यंत जाते. असा फ्यूज वितळतो पण आतली ठिणगी विझत नाही, तार मात्र जळत राहते. ५८ व्होल्ट डीसीहून जास्त क्षमतेचा, ६० ते ८० अँपिअरचा फ्यूज मागून घ्या. घरच्या बोर्डातला एसीचा एमसीबी इथं चालत नाही, कारण डीसीची ठिणगी आपोआप तुटत नाही. सोलरवाल्यांकडचा डीसी एमसीबी चालतो, पण त्यावर धन-ऋणाची खूण असेल तर ती पाळायला हवी.

फ्यूजच्या पुढं कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलनं चालणारा मोठा स्विच, डीसी १०० अँपिअरचा. त्याच्या कॉइलच्या तारेत किल्ली आणि लाल छत्रीचं आपत्कालीन बटण ओळीनं जोडायचं. यातलं काहीही बंद झालं की मोटरची वीज तुटली पाहिजे. बटण चालकाच्या हाताजवळ हवं, पाटाखाली नको. कॉन्टॅक्टरच्या दोन्ही टोकांमध्ये १०० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर एका छोट्या दाबायच्या बटणातून जोडा. कंट्रोलरच्या आत मोठे कपॅसिटर असतात. ते एकदम भरले तर कॉन्टॅक्टरचे पॉइंट वितळून चिकटतात, आणि चिकटलेला कॉन्टॅक्टर आपत्कालीन बटणाला जुमानत नाही. आधी दोन-तीन सेकंद छोटं बटण, मग किल्ली, अशी सवय चालवणाऱ्याला लावावी.

जाड तारा तांब्याच्या, १६ चौरस मिलिमीटरच्या. लग हातोडीनं ठोकून नाही, क्रिम्पिंगच्या पक्कडीनं दाबून. चासीला ऋण तार जोडायची नाही. मोटरसायकलची ती पद्धत इथं नको, धन आणि ऋण दोन्ही चासीपासून वेगळ्या राहिल्या पाहिजेत.

कंट्रोलर जुना असेल तर आधी त्याचे मॉस्फेट, म्हणजे मोटरला वीज सोडणारे आतले स्विच, तपासून घ्या. शंका आली तर नवा ४८ व्होल्ट १००० वॉटचा आणा. तो धातूच्या पट्टीवर, तारांचं तोंड खाली करून, चिखल उडणार नाही अशा जागी बसवा. बहुतेक कंट्रोलरमध्ये सेल्फ-लर्नच्या दोन बारीक तारा असतात. चाकं हवेत ठेवून त्या जोडल्या की कंट्रोलर स्वतःच मोटरचा क्रम शिकतो. चाक उलटं फिरलं तर त्या सोडून पुन्हा जोडायच्या. ही सोय नसेल तर हॉलच्या तारा रंगाला रंग लावून तशाच ठेवा आणि तीन जाड तारांच्या सहा जोडण्या एकेक करून बघा, प्रत्येक वेळी वीज बंद करून. या वेळी मोठ्या फ्यूजच्या जागी १० अँपिअरचा लावून ठेवावा. बरोबर जोडणीत मोटर गुळगुळीत, जवळजवळ आवाज न करता फिरते आणि बिनओझ्याचा करंट चार-पाच अँपिअरच्या आसपास राहतो. गुरगुर आली, हिसके बसले किंवा फ्यूज गेला की जोडणी चुकीची.

थ्रॉटलबद्दल नीट समजून घ्या. त्यात तीन तारा असतात: ५ व्होल्ट, ऋण आणि संकेत. मूठ सोडलेली असताना संकेत १ व्होल्टच्या आसपास, पूर्ण पिळल्यावर ४ च्या आसपास. यातली ऋण तार तुटली तर संकेत आपोआप वर चढतो आणि काही कंट्रोलरना वाटतं, मूठ पूर्ण पिळली आहे. गाडी सुसाट सुटते. म्हणून ही तार हँडलपाशी घासणार नाही अशी बांधावी आणि ब्रेक पेडलवर कट-ऑफचा स्विच लावावा, म्हणजे पेडल दाबताच कंट्रोलर मोटर बंद करेल. शेवटचा आधार मात्र नुसत्या लोखंडी ब्रेकचा आणि लाल बटणाचा. वेगाच्या तीन पायऱ्यांच्या तारा असतील तर सर्वांत खालची पायरी कायमची जोडून टाका. ताशी दहा किलोमीटर बागेत पुष्कळ झाले.

बॅटरी

बॅटरी भंगारातली घेऊ नये, एवढंच या बाबतीतलं माझं मत. लॅपटॉपचे सेल सोडवून पॅक बांधायचे व्हिडिओ भरपूर असतात; गोठ्याशेजारी चार्ज होणाऱ्या गाडीला ते उत्तर नाही.

किती मोठी हवी? दहाच्या वेगानं, कडक वाटेवर, १५ किलोचा जोर म्हणजे सुमारे ४०० वॉट. मोटर, गिअर आणि कंट्रोलरमधली गळती धरून बॅटरीतून ६०० वॉट, १२ अँपिअर. ६० अँपिअर-तासाची लिथियम फेरो-फॉस्फेट बॅटरी घेतली आणि तिचा ८० टक्के वापर केला तर चार तास सलग चालणं झालं. तोडणीच्या दिवशी गाडी प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी चालते. ई-रिक्षासाठी विकतात ती १०० अँपिअर-तासाची इथं नको. बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट, मात्र ६० अँपिअर सलग सोसणारा मागा. सोळा सेलचा पॅक असेल तर चार्जर ५८.४ व्होल्टचा, त्याच बॅटरीसाठीचा. जुन्या रिक्षाचा लेड-ॲसिडचा चार्जर ‘व्होल्ट तेच आहेत’ म्हणून लावू नये.

लेड-ॲसिडच परवडत असेल तर चार १२ व्होल्टच्या बॅटऱ्या घ्या, पण वजन जवळपास १०० किलोंनी वाढतं आणि तेवढे क्रेट कमी होतात. त्यांची पेटी हवेशीर हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. मेलेल्या बॅटऱ्या दुकानदाराला परत द्याव्यात. आतलं ॲसिड शेतात ओतलं तर ती जागा बरीच वर्षं उजाड राहते. चार्जिंगच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. ओल्या जमिनीवर अनवाणी वावरणाऱ्या माणसांच्या घरात तो असायलाच हवा.

पहिल्यांदा चालवताना

चासी ठोकळ्यांवर, मागची दोन्ही चाकं हवेत. छोटं बटण, किल्ली, मूठ हळू. मग फिरत्या चाकांवर लाल बटण दाबून बघा, ब्रेक कट-ऑफ बघा, थ्रॉटलचा जोड मुद्दाम ओढून काढा आणि चाकं थांबतात की नाही ते बघा. मल्टिमीटरनं बॅटरीचं धन टोक आणि चासी यांच्यातलं व्होल्टेज मोजा. ठोस आकडा आला तर कुठंतरी तार सोललेली आहे.

खाली उतरवल्यावर आधी रिकामी गाडी, सपाट जागा, आणि ब्रेकची परीक्षा. दहाच्या वेगाला, सहा क्रेट भरून, पेडल दाबल्यावर गाडी तीन मीटरच्या आत सरळ रेषेत थांबली पाहिजे. एका बाजूला ओढली तर शूचं सेटिंग पुन्हा. त्यानंतरच चढ. चढावर अर्ध्यात थांबवून पुन्हा उचलून बघा. उताराला आडवी गाडी घालायची नाही, तीन चाकांना ते झेपत नाही. पहिले काही दिवस दुपारी थांबवून मोटरवर हात ठेवत जा. हात सहज टिकला तर उत्तम. चटका बसून हात मागं घ्यावा लागला तर क्रेट कमी करा किंवा मोटरला झाडाखाली विश्रांती द्या. फार तापली तर सर्वांत आधी हॉल सेन्सर जातात. पहिल्या आठवड्यानंतर यू-बोल्ट आणि विजेचे सगळे लग पुन्हा आवळायचे. चालकाखेरीज कुणी बसायचं नाही, पोरं तर नाहीच. किल्ली रात्री घरात.

खर्चाचं शेवटी सांगतो, कारण भंगारातून मोटर आणली की सगळी गाडी स्वस्तात पडेल असं वाटायला लागतं. या गाडीच्या बिलात ॲक्सल आणि मोटरचा वाटा लहान असतो. मोठा खर्च बॅटरी, तिचा चार्जर, कॉन्टॅक्टर, फ्यूज आणि ब्रेक यांचा, आणि त्यातलं एकही स्वस्तात उरकण्यासारखं नाही. तेवढे पैसे आज हाताशी नसतील तर ॲक्सलला तेल लावा, मोटरच्या तारांच्या टोकांना टेप गुंडाळा, वर ताडपत्री टाका, आणि पैसे जमेपर्यंत वेल्डरला बोलावू नका.